ला फ्रेत, एक तास दहा मिनिटं

माझ्या कचेरीच्या खिडकीसमोर एक पिवळी पाटी होती. तिच्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं: ला फ्रेत, १ तास १० मिनिटं. ला फ्रेत म्हणजे गावाच्या वर, डोंगरातलं गाईंचं कुरण. एकतीस उन्हाळे मी त्या खिडकीत बसून लोकांना ती पाटी वाचताना बघितलं. लोक यायचे, वाचायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि खूश व्हायचे. "तासाभराचं तर काम आहे! जेवायला खाली परत!" मी खिडकीतून हात हलवायचे आणि मनात म्हणायचे, जा बाबांनो, देव तुमचं भलं करो.

संध्याकाळी तीच माणसं उतरायची. कोणाचा बूट हातात, कोणाचं पोर खांद्यावर, कोणाचं बायकोशी बोलणं बंद. आणि सगळी थेट माझ्या टेबलापाशी. मी मिरेय व्हिबेर, शांत्रूव ग्रामपंचायतीची चिटणीस, म्हणजे गावाला मिळणाऱ्या शिव्या उतरवून घेणारी बाई. एका बेल्जियन दंतवैद्याने लिहिलं होतं, "मॅडम, तुमचा तास नेमका कोणत्या ग्रहावरचा?" एका डच जोडप्याने लिहिलं, "आमचा घटस्फोट झाला तर साक्षीला तुमची पाटी बोलावू." सगळ्यांना माझं एकच उत्तर जायचं: पाटीवरील वेळ आमच्या गावातील सर्वसाधारण चालणाऱ्याची आहे.

हा सर्वसाधारण चालणारा म्हणजे आन्सेल्म बिबोले.

आन्सेल्म आमचा पोस्टमन होता. उंच, काटकुळा, कान असे की टोपी त्यांच्यावरच टेकायची. सदतीस वर्षं त्याने डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना पायी पत्रं पोचवली आणि उरलेल्या वेळात गावाच्या पायवाटा सांभाळल्या. एकसष्ट किलोमीटर वाटा, त्रेचाळीस पाट्या, आणि दगडादगडावर पिवळ्या रंगाचा एक पट्टा. जूनमध्ये त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या की गावाने समजायचं, उन्हाळा आला. पावसाने रंग धुतला की हा परत डबा घेऊन निघायचा. गाई पाठ खाजवायला पाटीचा खांब घासतात, मग पाटी फिरते आणि ला फ्रेतला निघालेली बिचारी माणसं सांडपाण्याच्या टाकीपाशी पोचतात. त्या गाईंना आन्सेल्म नावानिशी ओळखायचा आणि त्यांच्या मालकांना ताकीद द्यायचा, "तुझ्या मार्गरितला सांग, परत खांबाला पाठ लावलीस तर गाठ माझ्याशी आहे."

वेळा कशा ठरल्या ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण दर चौदा जुलैला, राष्ट्रीय सणाच्या गावजेवणात, आन्सेल्म ते सांगायचा. एकोणीसशे सत्त्याहत्तर साली पंचायतीने पाट्या लावायचं ठरवलं. वेळ मोजायची कोणी? पोस्टमनने. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा. वर ला फ्रेतच्या कुरणावर लेओंतीन नावाची मुलगी होती. बापाबरोबर उन्हाळाभर गाई राखायची, चीज करायची. आन्सेल्मने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. पंचायतीसाठी वेळ मोजायची आणि आपल्यासाठी मुलगी मागायची. चर्चच्या घंटेने नऊचे ठोके दिले आणि गडी सुटला. वर पोचून झोपडीच्या दारातून आत पाऊल टाकलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं!

"एक तास दहा!" तो टेबलावर मूठ आपटायचा. "आणि धापा टाकत तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का?"

"मला वाटलं पाणी मागतोय," लेओंतीन म्हणायची. "म्हणून हो म्हटलं."

सगळं गाव दरवर्षी तितक्याच जोरात हसायचं. तो आकडा लोखंडावर चढला, आणि बाकीच्या बेचाळीस पाट्यांच्या वेळा आन्सेल्मने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याच हिशोबाने काढल्या. लोकांच्या तक्रारी आल्या की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आता खरं सांगते. मी पंचवीस वर्षांची असताना पहिल्यांदा घड्याळ लावून ला फ्रेतला गेले. दोन तास वीस मिनिटं लागली. मला रडूच आलं. खाली आल्यावर आईने विचारलं, "किती लागले गं?" मी म्हटलं, "एक पंधरा." आई जरा विचित्र नजरेने बघत राहिली. त्या दिवसापासून मी मनाशी धरून चालले होते की सगळ्या शांत्रूवमध्ये माझेच पाय तेवढे कुचकामी. वडिलांकडचा वारसा, ते खालच्या खोऱ्यातले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी पुन्हा कधी घड्याळ घालून डोंगर चढले नाही.

मग आल्या नव्या सरपंचबाई, ओदेत एक्सकॉफिए. मूळच्या लिऑन शहरातल्या. तिथल्या हॉस्पिटलात लोकांना पुन्हा चालायला शिकवायच्या, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या, आणि आम्हाला काही कळायच्या आत निवडून आल्या. भारी उत्साही बाई. भिंतीला सांगितलं तर भिंतही व्यायाम करेल. त्यांनी पंचायतीपुढे बेत मांडला: सगळ्यांसाठी वाटा. ओढ्याकाठी हिरवी वाट, सपाट, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल अशी, दर दीडशे पावलांवर बाक. मग निळी, मग लाल, मग ज्यांना हौस आहे त्यांना काळी. शिवाय एकचाकी खुर्ची. बसणाऱ्याच्या खाली एक चाक, पुढे दोघं ओढायला, मागे एक दांडा आणि ब्रेक धरायला. तिच्यातून कोणालाही ला फ्रेतपर्यंत नेता येईल.

इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. आन्सेल्मसुद्धा. मग सरपंचबाई म्हणाल्या, "आणि अर्थात, सगळ्या वेळा नव्याने मोजाव्या लागतील."

आन्सेल्मची मान डोलायची थांबली.

"का म्हणून?" आन्सेल्मने विचारलं.

"मस्यू बिबोले, मी परवा वर गेले होते. मला दोन तास पंचवीस मिनिटं लागली."

आता इथे कोणीतरी, कोणीही एकाने, "मलाही" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी माझ्या वहीत बघत होते. मास्तर छताकडे. आमचा बेकरीवाला गास्पार, जो गावच्या बंबवाल्यांचा प्रमुखही आहे, ज्याच्या पोटावर पावाची पाटी ठेवली तर पडत नाही, तो खाकरून म्हणाला, "मादाम, बूट नवे असतील."

"बूट जुने आहेत."

"मग जुने असतील म्हणून," गास्पार म्हणाला.

आन्सेल्म उभा राहिला. कान लाल झालेले. "सरपंचबाई, ती वेळ मी चाललोय. माझ्या पायांनी! पंधरा ऑगस्टला वर जत्रा आहे, सगळं गाव असेल. नऊच्या ठोक्याला निघतो. एक तास दहा मिनिटांत वर पोचलो नाही, तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाट्या मी स्वतःच्या हाताने उतरवीन आणि परत रंगाच्या डब्याला हात लावणार नाही."

वय वर्षं चौऱ्याहत्तर. उजव्या खुब्यात अकरा महिन्यांपूर्वी बसवलेलं नवं हाड. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, रोज तासभर चाला, सावकाश, शक्यतो सपाटीवर. उचलली जीभ लावली टाळ्याला!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी धावले. लेओंतीन स्वयंपाकघरात खिडकीपाशी आपल्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. चाळीस उन्हाळे ती ला फ्रेतवर चीज करत होती, लग्नाआधीचे वेगळेच. मग मणक्याने दगा दिला, ट्रॅक्टरचे धक्केही सोसेनात, आणि सहा वर्षं झाली, ती वर गेलेली नाही. त्या खिडकीतून झोपडीच्या छपराचा एक कोपरा दिसतो. ती तिथेच बसते.

"अगं, अडव त्याला!" मी म्हटलं. "तो खुबा मोडून घेणार. आणि नाही मोडला तर मन मोडून घेणार. त्या पाट्या उतरल्या तर हा माणूस करणार काय दिवसभर?"

"मी नाही अडवणार," लेओंतीन शांतपणे वाटाणे सोलत म्हणाली. "मी वर जाणारे."

"काय?"

"त्या एकचाकी खुर्चीतून. काल सरपंचबाईंना सांगून टाकलं, पहिला मान माझा. ओढायला गास्पार आणि त्याचे बंबवाले. मागच्या दांड्याला तू."

"मी?"

"तुझे पाय बरे आहेत. एक पंधरात गेली होतीस ना तू?" तिने वर बघितलं. तिचे डोळे भलतेच चमकत होते. मी तोंडात मूठभर वाटाणे कोंबले. मग ती सहज म्हणाली, "मिरेय, वरचं घड्याळ अजून गाईंच्याच वेळेवर आहे ना गं?"

"असणारच. तुझा भाचा कुठला बदलतोय!" मी म्हटलं. आता तिथे तिचा भाचा गाई ठेवतो. तिने मान हलवली आणि परत वाटाणे सोलायला लागली. मला वाटलं, म्हातारीला जुन्या आठवणी येताहेत.

पंधरा ऑगस्टचा दिवस असा लख्ख उजाडला की डोंगर हाताला लागेल असं वाटत होतं. चर्चपुढे सगळं गाव गोळा. आन्सेल्मने पोस्टाची जुनी टोपी घातली होती. लेओंतीनला आम्ही एकचाकी खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले, मांडीवर ब्लूबेरीचा टार्ट दिला, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. तिने डोक्याला लाल रुमाल बांधला होता आणि ओठांना लाली लावली होती.

"जपून जा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"वर भेटू," आन्सेल्म म्हणाला. "तुम्ही याल तेव्हा मी जेवून झोपलेला असेन."

नऊचा पहिला ठोका पडला आणि गडी सुटला. पहिल्या वळणाला त्याची टोपी दिसली, मग तीही नाहीशी झाली. गाव ओरडलं, टाळ्या वाजल्या.

मग आम्ही निघालो. काय सांगू! एकचाकी खुर्चीला स्वतःचं मन असतं. ओढ्याकाठच्या हिरव्या वाटेवर ती शहाण्या मुलीसारखी चालली, पण जंगलातला चढ लागला आणि ती डावीकडे झुकली. मी उजवीकडे ओढलं, गास्पार पुढून ओरडला, "मागे काय झोपलीस का?" मी ओरडले, "तू पुढे वजन घाल, पोट काय नुसतं शोभेला आहे?" आणि मध्ये राजमातेच्या थाटात लेओंतीन: "डावीकडे! डावीकडे रे! अरे, डावीकडे म्हणजे जिकडे गाय नाहीये तिकडे!"

दुसऱ्या वळणानंतर ओढा ओलांडायचा होता. पूल अरुंद, चाक बसेना. बंबवाल्यांनी बूट न काढता सरळ पाण्यात उड्या घेतल्या आणि खुर्ची डोक्यावर धरली. ओढ्याचं पाणी बर्फाचं. सहा दांडगे पुरुष एका सुरात किंचाळले. लेओंतीन त्यांच्या डोक्यांवरून तरंगत, टार्ट छातीशी धरून, हसत सुटली. ती इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि तिची उचकी ऐकून आम्ही हसलो, आणि हसताना चाक निसटून आम्ही चार पावलं मागे घसरलो. "परत!" ती ओरडली. "परत एकदा करा!" सहा वर्षं खिडकीत बसलेली बाई ती. तिला कोण नाही म्हणणार? आम्ही ओढा परत ओलांडला, उलटा आणि सुलटा. बंबवाले तर गाणंच म्हणायला लागले होते.

दहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी चोरून घड्याळं बघितली. गाणं थांबलं.

दहा चाळीसला चौथं वळण आलं, आणि तिथल्या सपाट दगडावर आन्सेल्म बसलेला. टोपी गुडघ्यावर. एक बूट काढलेला.

"बुटात खडा गेला," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक होता.

गास्पारने बूट घेतला, उलटा केला, झटकला. काहीच पडलं नाही. तरी तो म्हणाला, "हो, मोठा होता," आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्या क्षणी मला गास्पारचा मुका घ्यावासा वाटला.

"जा तुम्ही पुढे," आन्सेल्म जमिनीकडे बघत म्हणाला. "मी खाली जातो. पाने-पकड आणतो. स्क्रू गंजलेत, वेळ लागेल उतरवायला."

सरपंचबाईंच्या हातात घड्याळ होतं, ते त्यांनी पाठीमागे लपवलं.

"पाने संध्याकाळी आण," लेओंतीन म्हणाली. "आज सहा वर्षांनी मी माझ्या घरी चाललेय आणि माझा नवरा खाली जाणार? मग लोक काय म्हणतील? ऊठ. बूट घाल. ये इकडे, माझ्या खुर्चीचा दांडा धर."

"मला आधार नको."

"तुला कोण देतंय? मला हवाय. ही मिरेय मला ओढ्यात पाडायला निघाली होती."

हा आरोप मी गपचूप गिळला. आन्सेल्म उठला, खुर्चीच्या बाजूचा दांडा धरला, आणि आम्ही निघालो. सावकाश. प्रत्येक वळणावर लेओंतीन म्हणायची, "थांबा," आणि आम्ही थांबायचो. ती नवऱ्याला टार्टचा तुकडा द्यायची आणि दरीकडे बोट करायची. "ते बघ. तुला आठवतं?" तो मान हलवायचा. सहाव्या वळणापर्यंत त्याच्या गालांवर रंग आला होता आणि मिशीला ब्लूबेरी लागली होती, पण तो हसत नव्हता.

शेवटी जंगल संपलं आणि कुरण आलं. गाईंच्या घंटा, धूर, भट्टीवर उकळणारी मोठी हंडी. खुर्चीतल्या खुर्चीत लेओंतीन दोन्ही हात पसरून इतक्या मोठ्यांदा ओरडली की सगळा कळप वळून बघायला लागला. "ए मुलींनो! मी आलेय!"

सरपंचबाईंनी हळूच सांगितलं, "बारा वीस. तीन तास वीस मिनिटं."

तिला सावलीत न्यायचं म्हणून खुर्ची उचलून झोपडीत घेतली. मागोमाग निम्मं गाव आत शिरलं. सरपंचबाईंनी भिंतीकडे बघितलं. "हे घड्याळ बंद पडलंय का? अकरा वीस दाखवतंय."

"बंद कशाला पडेल?" लेओंतीनचा भाचा चीज कापता कापता म्हणाला. "गाईंच्या वेळेवर आहे. शहात्तर साली सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायला सांगितलं ना, आजोबा म्हणाले, गाईंना कोण सांगणार? दूध काढायचं ते सूर्याच्या वेळेवर. तेव्हापासून काट्याला कोणी हात लावला नाही. उन्हाळाभर वरची वेळ खालच्यापेक्षा एक तास मागे."

"अस्सं," सरपंचबाई म्हणाल्या. मग त्यांची मान सावकाश आन्सेल्मकडे वळली. "मस्यू बिबोले, सत्त्याहत्तर साली तुम्ही वेळ कुठल्या घड्याळात बघितली होती?"

आता ऐका. ते घड्याळ तासभर मागे आहे हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं. आन्सेल्मला माहीत होतं, तो चाळीस उन्हाळे तिथे जेवला. ती गोष्टसुद्धा सगळ्यांना पाठ होती. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं एकाही शांत्रूवकराच्या डोक्यात सत्तेचाळीस वर्षांत आलं नव्हतं. त्यासाठी लिऑनहून बाई यावी लागली!

आन्सेल्म बोटं मोजत होता. "खाली नऊ... म्हणजे वर आठ." तो थांबला. परत पहिल्या बोटापासून सुरू केलं. "माझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं. ते लग्नात मिळालं. मी पहिल्यांदाच आत आलो होतो..."

"दोन तास दहा मिनिटं, आन्सेल्म," लेओंतीन म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"त्याच क्षणी. तू दारातून आलास, घड्याळ बघितलंस आणि असा काही उजळलास! मागणी घालायला आलेल्या माणसाला मी काय आधी वजाबाकी शिकवत बसू? मग पुढच्या आठवड्यात बघते तर पाटी लागलेली."

मी आन्सेल्मकडे बघायची हिंमत करत नव्हते. एकच आकडा होता त्याच्या आयुष्यात, आणि तोही खोटा निघाला.

"म्हणजे," तो अगदी हळू म्हणाला, "मी अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारा झालो नव्हतो?"

"काय?"

"लग्नानंतर मी परत मोजलं. नव्या घड्याळाने. दोन तास दहा! मला वाटलं, संपलं, ऐन तारुण्यात पाय गेले. कोणाला सांगितलं नाही. दरवर्षी मोजायचो, जिवाच्या आकांताने चढायचो, आणि दरवर्षी दोन दहा, दोन बारा." त्याचा आवाज चढायला लागला. "साठाव्या वर्षी दोन तास पाच मिनिटं लागली होती! लेओंतीन! म्हणजे साठाव्या वर्षी मी पाच मिनिटं आधी आलो! मी तर... मी तर जास्त वेगात चालायला लागलो होतो!"

आणि तेवढ्यात मागून गास्पार गरजला, "मला तीन तास लागतात!"

धरण फुटलं. "दोन पन्नास!" मास्तर ओरडले. "एकदा तर झोप लागली होती!" "दोन वीस!" मी ओरडले, आणि हलकं वाटलं म्हणून परत ओरडले, "दोन वीस, दोन वीस!" कोणी म्हणे अडीच, कोणी म्हणे मी कधी गेलोच नाही, खाली नुसता जंगलात बसून यायचो. माझी आई, वय शहाऐंशी, लेओंतीनच्या भाच्याच्या ट्रॅक्टरवरून आलेली, माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "तू एक पंधरा म्हणालीस तेव्हा मी तीन रात्री झोपले नव्हते! मला पावणेतीन लागायचे!" दारात पाद्रीबाबा उभे होते. ते लाल होऊन म्हणाले, "मी जीपने येतो. मागच्या रस्त्याने. शेवटच्या वळणावर उतरतो आणि कपाळाला पाणी लावतो." त्यावर गाव अक्षरशः कोलमडलं. गास्पार भिंतीला टेकून रडत होता. आन्सेल्म भेटेल त्याला मिठी मारत विचारत होता, "तुला किती? तुला किती?" आणि आकडा जितका मोठा तितका जास्त खूश होत होता. मग त्याने ती पोस्टाची टोपी सरपंचबाईंच्या डोक्यावर ठेवली आणि जाहीर केलं, "पाट्या मीच उतरवणार! आणि नव्या पण मीच लावणार! कोणी मध्ये आलं तर याद राखा!"

त्या दिवशी जत्रेची प्रार्थना पाऊण तास उशिरा सुरू झाली, खालच्या वेळेने.

ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पाट्या बदलल्या. आता प्रत्येकीवर दोन वेळा आहेत. माझ्या खिडकीसमोर लिहिलंय: ला फ्रेत, २ तास १० मिनिटं, आणि खाली खुर्चीचं चित्र, ३ तास २० मिनिटं, थांबण्यासकट. "थांबण्यासकट" हा शब्द आन्सेल्मने हट्टाने घालायला लावला. तो बेल्जियन दंतवैद्य परत आला होता. त्याचं पत्र आलं, "मी पाच मिनिटं आधी पोचलो, बायकोला माझा फार अभिमान वाटतो." ते मी भिंतीवर लावलंय. वरच्या घड्याळाला मात्र कोणी हात लावलेला नाही.

रविवारी खुर्ची वर जाते. ओढणाऱ्यांची नावं माझ्याकडे नोंदवावी लागतात, आणि यादी इतकी लांब की वशिले लागतात.

जुनी पाटी लेओंतीनने मागून घेतली. ती स्वयंपाकघरात टांगलीय, खिडकीशेजारी. परवा रविवारी सकाळी मी तिथे कॉफी प्यायला बसले होते. शेवटी न राहवून विचारलं, "लेओंतीन, सत्तेचाळीस वर्षं! बिचारा स्वतःला म्हातारा समजत राहिला. एकदा तरी सांगायचंस की गं."

ती पाटीकडे बघत म्हणाली, "सांगणार होते. दर जूनला ठरवायचे. पण बघ, तो खाली पत्रं वाटायचा, मी वर गाईंकडे. फक्त रविवारी भेट. आणि दर रविवारी मी दारात उभी राहायचे, तर खालून तो यायचा. त्याला एक तास दहात पोचायचं असायचं ना. चाळीस उन्हाळे, मिरेय, माझा नवरा दर रविवारी माझ्याकडे धावत आला. आणि मी त्याला सांगू, सावकाश ये?"

मी कपातली उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

बाहेरून आन्सेल्मचा आवाज आला. "लेओंतीन! गास्पार आलाय, नऊ वाजताहेत! निघायचं ना?"

"आले, आले!" ती ओरडली, आणि मला म्हणाली, "ऊठ गं, रुमाल दे तो लाल."